झडतीवाल्या बाईच्या दोन गोळ्या

आमच्या कपड्यांच्या फॅक्टरीत शिफ्ट सुटली की बायकांची रांग लागायची ती फाटकाशी. फाटकाच्या आतल्या बाजूला पत्र्याचं छप्पर, त्याखाली एक लांब टेबल आणि टेबलामागे झडतीवाल्या बाई. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीनं पिशवी टेबलावर ठेवायची, डबा उघडायचा, पाकिटाचे कप्पे उलटे करून दाखवायचे, मग दोन्ही हात बाजूला पसरून उभं राहायचं. बाई खांद्यापासून घोट्यापर्यंत चाचपायच्या. दोऱ्याची रिळं, बटणं, चेन, एकदा तर घडी घालून पोटाशी बांधलेला अख्खा शर्ट, असं काय काय त्या टेबलावर निघालेलं मी पाहिलं आहे. एकीच्या अंबाड्यात बटणांची पुडी होती. बाई तिला एवढंच म्हणाल्या होत्या, "आज केस जड दिसतात."

बायका त्यांना पाठीमागे चाळणी म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं.

मी काजाच्या मशीनवर आहे. शर्टाला बटणाची भोकं पाडते, म्हणून मला सगळ्या काजवाली म्हणतात. माझ्याही खिशात एकदा बाईंना मशीनमधली दोऱ्याची बॉबिन सापडली होती. कामाच्या घाईत ती खिशात राहून गेली, हे सुपरवायझरनं ऐकून घेतलं आणि विषय सोडून दिला. बाईंनी मात्र सोडला नाही. त्या दिवसापासून माझा खिसा त्या दोनदा तपासायच्या. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचे आणि हात पसरून उभी राहायचे.

पुढे जे घडलं त्यानंतर बाईंनी मला आपल्या तोंडानं पुष्कळ काही सांगितलं. म्हणून त्यांच्या घरातलं आणि मनातलं मी सांगू शकते.

बाईंचा संशय काही फाटकापुरता नव्हता. घरची बेल वाजली की आधी खिडकीच्या फटीतून आलेल्याचे बूट बघायच्या, मग दार उघडायच्या. मीटर बघायला येणाऱ्याला ओळखपत्र दाखवल्याशिवाय जिना चढू द्यायच्या नाहीत. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर साखर द्यायच्या, पण ती गेल्यावर बराच वेळ विचार करत बसायच्या की हिला खरं तर काय बघायचं होतं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका मैत्रिणीवर विश्वास टाकून तिची पिशवी न बघता तिला जाऊ दिलं होतं. ती मैत्रीण बाहेर पकडली गेली आणि बाईंची नोकरी जाता जाता वाचली. तेव्हापासून माणूस ओळखीचं असलं की त्या जास्तच बारकाईनं बघायच्या.

घरी त्या आणि त्यांचे मिस्टर, दोघंच. मिस्टर बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. आयुष्यभर ग्रीसमध्ये हात काळे केलेला, कमी बोलणारा माणूस. निवृत्त झाल्यावर काही दिवस खुर्चीत बसून कंटाळले आणि एके सकाळी म्हणाले, तू कामावर जातेस, तर स्वयंपाक मी करतो. बाईंना आधी हसू आलं. मग मनात पाल चुकचुकली. ज्यानं कधी चहाचं भांडं विसळलं नाही त्याला आत्ताच कशी हौस आली? त्यात मिस्टर अलीकडे फोनवर हळू आवाजात बोलायला लागले होते. बाई खोलीत आल्या की म्हणायचे, "बरं, मग नंतर बोलतो," आणि फोन खिशात ठेवायचे. कोणाचा फोन विचारलं की, "कोणाचा नाही, असाच."

आता बाईंचं एक गुपित होतं, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातली एक झडप खराब झाली होती. ऑपरेशन करून तिच्या जागी धातूची बसवली. फॅक्टरीत त्यांनी रजा घेतली होती ती बहीण आजारी आहे असं सांगून. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते, जन्मभर. वॉरफरिन तिचं नाव. हे मिस्टरांना ठाऊक होतं, हृदयाच्या डॉक्टरांना ठाऊक होतं आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराला ठाऊक होतं. फॅक्टरीत कोणालाच नाही. कळलं तर मॅनेजर आपल्याला आजारी ठरवून घरी बसवेल अशी त्यांना खात्री होती. आणि खोटं कशाला बोलू, जिच्या बाबतीत तसं घडलं अशी एक बाई आमच्याकडे होती.

तर त्या वर्षी फॅक्टरीत पोटाची साथ आली. पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलेलं होतं आणि आत काय काय पडलं होतं ते सांगण्यासारखं नाही. आधी पॅकिंगमधल्या दोघी-तिघी आजारी पडल्या, मग शिलाईची अर्धी लाइन. जुलाब, आव, पोटात पीळ. शौचाच्या तपासणीत आमांशाचे जंतू निघाले. आठवड्यातून एकदा येणारे कंपनीचे डॉक्टर आता रोज यायला लागले. त्यांनी आम्हा बायकांना जेवणघरात बसवून सांगितलं की मेट्रोनिडाझोल नावाची गोळी आहे, तपासून ज्यांना लिहून देईन त्यांनीच घ्यायची, पूर्ण घ्यायची, मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, उरलेल्या गोळ्या घरातल्या कोणाला द्यायच्या नाहीत. गोळ्या चालू असताना दारूला शिवायचं नाही, असंही म्हणाले, तेव्हा मागून कोणीतरी खुसखुसलं. आणखी म्हणाले की तोंडाची चव जाईल, धातू चाटल्यासारखं लागेल, लघवीचा रंगही गडद होईल, त्याला घाबरू नका. आणि दुसरं कुठलंही औषध चालू असेल तर मला सांगा, पुनःपुन्हा म्हणाले, सांगा.

बाई तिथं नव्हत्या. त्या फाटकावर होत्या, फाटक सोडून कशा येणार?

त्यांचंही पोट बिघडलं होतं. पण बायकांच्या रांगेत उभं राहून पोटाचं रडगाणं सांगणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. सगळ्या गेल्यावर त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर बॅग भरत होते. तपासणीचा कागद बघून त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, आणखी कुठलं औषध चालू आहे का? बाई म्हणाल्या, नाही. डॉक्टरांनी परत विचारलं, रक्तदाबाचं, हृदयाचं, काही? ते हृदयाचं म्हणताच बाईंचे कान उभे राहिले. याला कोणी काही सांगितलं की काय? त्या म्हणाल्या, "सांगितलं ना, नाही म्हणून." आणि कागद हातात घेऊन निघाल्या. डॉक्टर मागून काहीतरी सांगत होते, ते तोंडाच्या चवीबद्दल असावं. बाई तोवर जिन्यात पोचल्या होत्या.

मग औषध आणायचं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणजे चष्म्यावरून बघत कागद मोठ्यानं वाचणारा, आणि "ही कोणासाठी, आधीच्या चालू आहेत का" असं दहा जणांसमोर विचारणारा माणूस. त्याची पुतणी नुकतीच आमच्या पॅकिंगमध्ये लागली होती. बाईंनी विचार केला, याच्याकडे गेलं की उद्या सगळ्या फॅक्टरीत बोभाटा. म्हणून त्या दोन बस बदलून लांबच्या दुकानात गेल्या. तिथल्या पोऱ्यानं मोबाइलवरून नजर न उचलता पाकीट पुढे सरकवलं. बाईंना ते दुकान फार आवडलं.

गोळ्या सुरू झाल्या. पोट सावरायला लागलं. आणि एका सकाळी चहाचा पहिला घोट घेताच बाईंचा हात थांबला. चहाला किल्ली चोखल्यासारखी चव येत होती. त्यांनी कप खाली ठेवला. मिस्टरांनी विचारलं, काय झालं? बाई म्हणाल्या, गरम आहे. दुपारी डबा उघडला तर भाजीला तीच चव. रात्री रश्शालाही. संडासात गेल्या तर लघवी काळपट लाल. मग दोन-तीन दिवसांत दंडावर निळे डाग उठले. कुठं आपटल्याचं आठवत नव्हतं. दात घासताना हिरडीतून रक्त आलं आणि बराच वेळ येत राहिलं.

बाईंच्या डोक्यात एक-एक गोष्ट जागेवर बसत गेली. स्वयंपाकाची अचानक आलेली हौस. हळू आवाजातले फोन. आणि आता हे. पुढे हे ऐकताना मी विचारलं, नवऱ्यानं विष घालावं असं कारण तरी काय सुचलं तुम्हाला? त्या म्हणाल्या, "कारण शोधायला वेळ लागत नाही गं. घर माझ्या नावावर आहे. त्यांची बहीण माझ्याशी बोलत नाही. एवढं पुरतं." कोणालाही पुरलं नसतं, पण त्यांना पुरलं.

त्यांनी तपास सुरू केला. तोही झडतीसारखाच, कोणाला कळू न देता. जेवायला बसल्यावर मिस्टर पाणी आणायला उठले की ताटं बदलायच्या. मिस्टर बदललेलं ताट मिटक्या मारत संपवायचे आणि त्यांना काही व्हायचं नाही. यावरून खरं म्हणजे मिस्टर संशयातून सुटायला हवे होते. बाईंनी वेगळाच अर्थ लावला: माणूस हुशार आहे, ताटात नाही घालत, आणखी कशात तरी घालतो. मग त्या घरी जेवेनाशा झाल्या. भूक नाही म्हणायच्या आणि फॅक्टरीच्या जेवणघरातून घेऊन खायच्या. तिथल्या भातालाही तीच चव आली.

दुसरं कोणी असतं तर इथं तरी विचारात पडलं असतं. बाईंनी वर्तुळ मोठं केलं. जेवणघरात वाढणारीला त्यांनी मागे एकदा तेलाच्या पुड्यांसकट धरलं होतं. आणि आम्ही शिलाईवाल्या, त्या आल्या की गप्प बसायचो, हेही त्यांनी टिपून ठेवलं. वास्तविक आम्ही काय बोलत होतो? गोळ्यांबद्दलच. कोणी म्हणे तोंडात गंज बसलाय, कोणी म्हणे नवऱ्यानं आणलेलं आइस्क्रीम खिळ्यासारखं लागलं. त्या चवीवरून इतके विनोद झाले की पॅकिंगवाल्या एकीनं त्या गोळीचं नाव स्क्रूड्रायव्हर ठेवलं होतं. पण चाळणी दारात दिसली की सगळ्यांची तोंडं बंद. बाई भिंतीकडे तोंड करून एकट्या बसायच्या, एक घास खायच्या आणि आमच्याकडे वळून बघायच्या. आम्हाला वाटायचं ही आता कोणाला पकडायचं ते ठरवतेय. त्यांना वाटायचं या सगळ्या यात सामील आहेत.

घरात मिस्टरांच्याही लक्षात आलं होतं. बायको जेवत नाही, ताटं फिरतात, पाण्याची बाटली स्वतः भरून कुलपात ठेवते. एकदा त्यांनी विचारलं, "माझ्या हातचं आवडत नाही का?" बाई म्हणाल्या, आवडतं. ते म्हणाले, "मग?" बाई भांडी घासत राहिल्या. त्या रात्री मिस्टरांनी परत कोणालातरी फोन लावला आणि बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं. बाईंनी भाजीचा एक डाव प्लास्टिकच्या लहान डबीत भरला, झाकण घट्ट लावलं आणि डबी पर्समध्ये टाकली. ती कुठंतरी तपासून घ्यायची होती. कुठं, ते ठरलं नव्हतं.

मग तो दिवस आला. शिफ्ट सुटली होती, रांगेत माझा नंबर होता. बाईंचा चेहरा पांढुरका दिसत होता, पण तो कधीच फार रंगीत नसे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. माझ्या पिशवीची चेन जुनी, तिचा एक दात बाहेर आलेला. बाईंनी चेन ओढली आणि तो दात त्यांच्या बोटात घुसला. एवढंसं खरचटणं, आम्हाला सुईनं दिवसातून चार वेळा होतं तसं. बाईंनी बोट दाबून धरलं आणि पुढचीची पिशवी ओढली. तिच्या पांढऱ्या रुमालावर लाल ठिपका पडला. मग दुसरा. मग टेबलावर ओघळ आला. रांगेतली कोणीतरी हसली आणि लगेच हसायची थांबली.

मी चिंध्यांच्या पोत्यातून एक पट्टी काढली आणि बांधण्यासाठी त्यांची बाही वर सारली. दंडापासून कोपरापर्यंत निळे, जांभळे, पिवळट डाग. दुसरी बाही बघितली, तिथंही तेच. आमच्यातल्या बायकांना असे डाग ओळखू येतात, त्यासाठी शाळेत जावं लागत नाही. मागे उभी असलेली पॅकिंगवाली माझ्या कानाशी म्हणाली, हिचा नवरा घरी बसलाय ना आता, सुरू झालं असेल.

मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "मिस्टर मारतात का तुम्हाला?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या तोंडात मारली. "काय बोलतेस तू? त्यांनी आजवर माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नाही. असा माणूस दिव्यानं शोधून मिळणार नाही."

नंतर त्यांनी मला सांगितलं, ते वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. इतके दिवस ज्या माणसावर त्या पाळत ठेवून होत्या त्याच्याबद्दल दुसरं कोणी वाईट बोललं तर त्यांना सहन होईना. पण तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मार खाणाऱ्या सगळ्या असंच म्हणतात.

पट्टी भिजली. दुसरी बांधली, तीही भिजली. सुपरवायझरनं रिक्षा बोलावली, आणि मी पट्टी धरून उभी होते म्हणून मीच त्यांच्याबरोबर गेले. निघताना पॅकिंगवालीनं त्यांच्या घरी फोन लावला. ती मिस्टरांशी काय सुरात बोलली ते मला ऐकू आलं, आणि ते सांगण्यासारखं नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, दमलेली होती, पण घाई करत नव्हती. तिनं बोट बघितलं, दंड बघितले, हिरड्या बघितल्या, रक्त तपासायला पाठवलं. मग स्टूल ओढून बसली आणि विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"कुठल्याच नाहीत," बाई म्हणाल्या.

मी चमकले. पोटाच्या गोळ्या त्याही घेत असणार, हे मला माहीत होतं. टाकीचं पाणी त्याही प्यायल्या होत्या आणि त्यांची संडासाकडची घाई आम्ही सगळ्यांनी बघितली होती. मी तसं म्हणाले. बाईंनी मान फिरवली. एका हातानं त्यांनी पर्स पोटाशी धरली होती, दुखऱ्या हातानं वरून दाबली होती. डॉक्टर समजावत होती की हे महत्त्वाचं आहे, आतमध्ये कुठं रक्त सुटलं तर जिवावर बेतेल, कोणाला काही कळवणार नाही. बाईंनी पर्स आणखी जवळ ओढली.

मला काय झालं कोण जाणे. मी रोज ऐकते त्याच आवाजात म्हणाले, "बाई, पिशवी उघडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. फाटकावर एखादी पकडली गेली की तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते आता त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनी पर्स टेबलावर ठेवली आणि स्वतःच एक-एक वस्तू काढायला लागल्या. किल्ल्या. कंगवा. कुलूप लावलेली पाण्याची बाटली, खरंच, झाकणाच्या कडीत एवढंसं कुलूप होतं. पोटाच्या गोळ्यांचं पाकीट, जवळजवळ रिकामं. मग त्यांनी अस्तराचं टिचबटण उघडलं आणि आतून दुसरं पाकीट काढलं. डॉक्टरनं ते हातात घेतलं, नाव वाचलं आणि तिचा चेहरा बदलला. "ही तुम्ही किती वर्षं घेताय? आणि या दोन्ही एकाच वेळी?"

सगळ्यात शेवटी ती प्लास्टिकची डबी निघाली. डॉक्टरनं विचारलं, हे काय?

"भाजी. तपासायची आहे."

"कशासाठी?"

"विष आहे का बघायला."

"ती परवाची आहे," दारातून आवाज आला. "परवा केली होती मी."

मिस्टर दारात उभे होते. फोन आला तसेच आलेले, बाहीला पीठ लागलेलं, पायात दोन वेगळ्या चपला. मी त्यांना तोवर कधी बघितलं नव्हतं आणि मारकुट्या नवऱ्याकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते डबीकडे बघत होते. बाईंनी डबी उचलून परत पर्समध्ये टाकायचा प्रयत्न केला, पण हाताला पट्टी असल्यामुळे ती निसटून खाली पडली आणि मिस्टरांनी वाकून उचलली.

डॉक्टरनं मग सगळं समजावलं. मला आठवतं ते असं: आपलं शरीर रक्त पातळ करणाऱ्या गोळीला हळूहळू निकामी करून टाकत असतं, म्हणून रोजची रोज घ्यावी लागते. पोटाची ही गोळी शरीराच्या त्या कामात आडवी येते. मग रक्ताची गोळी नेहमीएवढीच घेतली तरी अंगात साचत जाते आणि रक्त हवं त्याहून कितीतरी पातळ होतं. डाग त्याचे, हिरड्यांतलं रक्त त्याचं. तोंडाची चव आणि लघवीचा रंग तर पोटाच्या गोळीनं पुष्कळांना होतो, त्यात विशेष काही नाही. दोन्ही गोळ्या आपापल्या जागी बरोबर आहेत. पण लिहिणाऱ्याला दुसरीचं नाव माहीत असतं तर त्यानं एक तर वेगळं औषध दिलं असतं, किंवा रक्ताच्या गोळीचं प्रमाण कमी करून मधे मधे रक्त तपासलं असतं. "तुम्हाला कोणी विचारलं नाही का?" ती म्हणाली.

"विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

त्यांना भरती करून घेतलं. घाबरून रक्ताची गोळी कायमची सोडायची नाही, हे डॉक्टरनं तीन वेगळ्या तऱ्हांनी सांगितलं, कारण रक्त एकदम घट्ट होऊ दिलं तर धातूची झडप अडकते, आणि ते रक्त वाहण्याइतकंच वाईट. हृदयाच्या डॉक्टरांना फोन झाला, गोळी काही काळ थांबवून परत कमी प्रमाणात सुरू झाली, सारखं रक्त तपासत राहिले. पोटाचं उरलेलं औषध दोघा डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवलं. हळूहळू डाग पिवळे झाले आणि गेले.

मिस्टर रोज यायचे. खुर्ची खाटेपासून थोडी लांब ओढून बसायचे. येताना दवाखान्याच्या जेवणघरातून सीलबंद बिस्किटं आणायचे. घरून काही आणायचे नाहीत. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी तिथं असताना त्यांनी विचारलं, "तुला खरंच वाटलं मी असं करीन?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. म्हणाल्या, "वाटलं."

मिस्टरांनी मान हलवली, जशी गाडीत काय बिघडलंय ते कळल्यावर मेकॅनिक हलवतो. त्यांनी बाईंना घरी आणलं, औषधांच्या वेळा भिंतीवर खडूनं लिहिल्या, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जाऊन दोन्ही गोळ्यांबद्दल सांगून आले. बाई नीट हिंडूफिरू लागल्यावर म्हणाले, मी थोडे दिवस ताईकडे जातो. आणि एका पिशवीत दोन कपडे घालून गेले.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. बाईंचं आणि तिचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, कोणत्या तरी लग्नातल्या मानपानावरून. बाईंनी स्वतः स्वयंपाक करून बघितला, खाल्ला, एकटीनं. मग एका संध्याकाळी नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, तो बाजारात गेलाय. बाई म्हणाल्या, बरं. फोन ठेवायच्या बेतात होत्या, तेवढ्यात नणंद म्हणाली, "रोज मला फोन करून विचारायचा. कांदा कधी घालू, तिखट किती घालू. तुला कळलं तर तू खाणार नाहीस म्हणून लपवायचा. माझी कृती आहे म्हणून." मग म्हणाली, सांगते त्याला फोन आला होता म्हणून.

फॅक्टरीत काय झालं तेही सांगते. बाई हृदयाच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन स्वतः मॅनेजरकडे गेल्या. तो म्हणाला, ठीक आहे, बघू. ते "बघू" बाईंना अजून खटकतं, आणि मलाही. कंपनीच्या डॉक्टरांकडे जाऊन त्यांनी सांगितलं की तुम्ही विचारलं होतं, मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी बाईंना बसायला खुर्ची दिली. आता त्या कुठल्याही औषधाच्या दुकानात गेल्या की आधीच्या गोळ्यांचं नाव मोठ्यानं सांगतात, कोणी विचारो न विचारो. पिशव्या मात्र तशाच तपासतात. माझा खिसा अजूनही दोनदा. पण कधीतरी जेवायला आमच्यात येऊन बसतात. त्या आल्या की क्षणभर आम्ही गप्प होतो, अजून होतो, मग कोणीतरी परत बोलायला लागतं.

मिस्टर परत आले. केव्हा येणार ते कळवलं नव्हतं, बाईंनी खिडकीतून बूट बघितले आणि दार उघडलं. स्वयंपाकही पुन्हा त्यांनीच सुरू केला. पण एक गोष्ट नवी होती. भांडं मध्ये ठेवायचे, आधी स्वतःच्या ताटात वाढून घ्यायचे आणि बाईंच्या समोर पहिला घास खायचे. कोणी सांगितलं नव्हतं. घास गिळून झाला की मग डाव बाईंकडे सरकवायचे. बाई म्हणाल्या, असं नका करू. ते म्हणाले, "असू दे, सवय झाली." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागायचं. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या, आणि त्या बाईला रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

असं बरेच महिने चाललं. मग गेल्या आठवड्यात जेवताना मिस्टरांनी भांडं ठेवलं आणि डावाला हात घातला, तर बाईंनी त्यांच्या ताटावर आडवा हात धरला. डाव काढून घेतला, स्वतःला वाढलं आणि मोठा घास तोंडात घातला.

"कशी झालीय?" मिस्टरांनी विचारलं.

"मीठ जास्त पडलंय," बाई म्हणाल्या आणि दुसरा घास घेतला.